पेटी, गिटार आणि तीन स्वरांचा मेळ



दिवेलागण झाली की आपल्या गावात कुठून तरी पेटीचा सूर कानावर येतो. कुठे मारुतीच्या पारावर भजनी मंडळ जमलेले असते, कुठे सामुदायिक प्रार्थना चालू असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि गावाने एकत्र बसून प्रार्थना म्हणावी, असा पाठ घालून दिला. तो पाठ वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत पोचला, तसा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही रुजला. महाराजांच्या हाती खंजिरी असे. गावकऱ्यांच्या हाती खंजिरीबरोबर पेटीही आली. आज ही पेटी आपल्याला इतकी आपली वाटते, की ती मूळची परदेशची आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे आठवण्याचे कारण एक विद्यार्थी झाला. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा. त्याने कापसाच्या वेचणीच्या दिवसांत चार पैसे साठवले आणि एक जुनी गिटार विकत घेतली. तीन आठवड्यांनी मला भेटला तेव्हा चेहरा पडलेला होता. म्हणाला, “सर, बोटं सोलून निघाले, पण धड आवाज काही निघून नाही राह्यला. बाबा म्हणते, घरी पेटी असून हे खोकं काऊन आणलं?” त्याचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. मुलाची तक्रार बोटांची होती, पण खरी टोचणी बापाच्या बोलण्याची होती. हे वाद्य आपले नव्हे, आपल्याला ते यायचे नाही, अशी त्याची समजूत होत चालली होती.

ही समजूत चुकीची आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे. मात्र ती चुकीची कशी, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल आणि थोडे बोटांकडेही पाहावे लागेल.

प्रथम गिटार शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी जो शब्द भेटतो तो समजून घेऊ. तो शब्द म्हणजे ‘कॉर्ड’. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांचा मेळ. आपल्या गाण्यात स्वर एकामागून एक येतात, एकमेकांत मिसळत पुढे जातात. युरोपातल्या संगीताने मात्र अनेक स्वर एकदम वाजवण्याची विद्या फार वाढवली. म्हणून आपल्याला वाटते, की कॉर्ड ही काही तरी परकी गोष्ट आहे. पण तंबोरा आठवा. त्यात पंचम आणि षड्ज सतत एकमेकांत घुमत असतात. दोन स्वर एकदम ऐकण्याची सवय आपल्या कानांना शेकडो वर्षांची आहे. कॉर्डमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक गंधार येऊन बसतो, इतकाच फरक. सा, ग आणि प एकदम वाजवले, की झाली कॉर्ड.

आता पेटीची हकिकत ऐका, कारण गिटारच्या वाटेतले काटे पेटीच्या वाटेत आधीच येऊन गेले आहेत.

हार्मोनियम हे वाद्य फ्रान्समधले. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें नावाच्या कारागिराने त्याचे पेटंट घेतले. ती पेटी टेबलाएवढी उंच होती. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचे, अशी तिची रचना. पाद्री लोक आणि साहेब लोक ती इकडे घेऊन आले. पण आपला गवई आणि कीर्तनकार बसणार सतरंजीवर. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता मागच्या बाजूला आणला आणि डाव्या हाताने तो हलवता येईल अशी सोय केली. उजवा हात सुरांवर मोकळा राहिला. एक हात भात्याला गेल्यामुळे दोन्ही हातांनी कॉर्ड वाजवणे सुटले आणि पेटी गळ्यामागून चालणारे साथीचे वाद्य झाली. म्हणजे आपण पेटी नुसती घेतली नाही, ती आपल्या बैठकीला जुळेल अशी करून घेतली.

महाराष्ट्रात तिला संगीत नाटकाने घरोघर नेले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि पदांचे वेड मराठी माणसाला लागले. नाटकाची पदे घरी म्हणायची तर साथ कशाची घ्यायची? सारंगी शिकायला जन्म जातो. पेटीवर मात्र बोट ठेवले, की सूर तयार. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी तर पेटीला मैफलीचा मान मिळवून दिला. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीत त्यांचेच.

इतके असूनही पेटीवर मोठा आघात झाला, आणि तो रेडिओनेच केला. आकाशवाणीच्या पुस्तिकेत हे सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण इतिहास हा इतिहास आहे. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. बंदीमागे विचारी माणसे होती. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार रेडिओच्या नोकरीत होते; हार्मोनियम हिंदुस्थानी संगीताला मारक आहे असे त्यांनी लिहिले होते. रवींद्रनाथ ठाकुरांनीही बंदीच्या बाजूने आपले मत कळवले होते. आक्षेप दोन. पहिला असा, की पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची जी आपल्या गाण्याची खुबी, ती पेटीला जमत नाही. दुसरा असा, की पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो.

दोन्ही आक्षेप खरे आहेत. ते आजही खरे आहेत. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष लोकांनी मानला नाही. रेडिओवर पेटी बंद होती तेव्हा गावोगावच्या भजनांत ती चालूच होती. १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि वैदर्भीय घरांत रेडिओचे गाणे आले, पण रेडिओत पेटी नाही आणि ओट्यावर मात्र आहे, असा चमत्कार पुढे किती तरी वर्षे चालला. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. पुढे फडके यांनी गावोगावच्या मंचांवर ते गाइले, ते पेटी पुढ्यात घेऊनच. याच माडगूळकरांना १९७३ साली आपल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाने अध्यक्षपदी बसवले होते. गोविंदराव टेंबे १९५५ साली वारले, तेव्हा बंदी कायम होती. ती सैल झाली १९७१ साली, तीही साथीपुरती आणि बेताने. तीस वर्षांहून अधिक काळ दिल्लीत जे वाद्य परके ठरले होते, ते खेड्यातल्या साध्या पेटीवाल्यांनी आपले करून ठेवले होते.

मग गिटारचा बाप काय वेगळा?

गिटार स्पेनची. तिच्याही घराण्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हुआन कार्लोस आमात नावाच्या एका वैद्याने पाच जोडतारांच्या गिटारवर एक लहानसे पुस्तक लिहिले. हा गृहस्थ पेशाने गवई नव्हे, डॉक्टर. त्याने शुद्ध गंधाराच्या बारा आणि कोमल गंधाराच्या बारा कॉर्ड घेतल्या, प्रत्येकीला एक आकडा दिला आणि कोणते बोट कोणत्या तारेवर कोणत्या पडद्यावर ठेवायचे ते मांडून दाखवले. ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही त्यानेही आकडा पाहावा, बोटे ठेवावी आणि गाण्याला साथ करावी. आज मुलांच्या मोबाइलवर कॉर्डचे जे तक्ते दिसतात त्यांचे हे पूर्वज. पुढे गिटारला सहा तारा आल्या, आणि एकोणिसाव्या शतकात आंतोनियो दे तोर्रेस या सुतारकाम जाणणाऱ्या कारागिराने तिचे पोट मोठे करून तिला आजचा आकार व आवाज दिला.

आपल्या बाजूला ती आली गोव्याच्या वाटेने. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्या सत्तेचे जुलूम आपण विसरू नयेत. पण तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना गायन, स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई, हेही नोंदले पाहिजे. त्या शिक्षणाचे गोमंतकीयांनी काय केले पाहा. त्यांनी मांडो नावाचा आपला गीतप्रकार घडवला, आणि त्याच्या बैठकीत गिटार-व्हायोलिनच्या शेजारी मातीचे घुमट बसवले. घुमट इथले, गिटार तिथली, शब्द कोंकणी. मांडो म्हणणाऱ्या माणसाला त्यात परके काही वाटत नाही.

हेच गोमंतकीय वादक पुढे पोटासाठी मुंबईला आले आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले. संगीतकार चाल बांधत. त्या चालीखाली कोणते स्वरमेळ वाजवायचे, कोणत्या वाद्याने काय वाजवायचे, हे कागदावर उतरवणारे बहुधा हे लोक. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करीत. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेली वाद्यवृंदरचना सादर केली होती. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या एका गाण्यात त्यांचे नाव देशभर गाजले, पण ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना माहीत होते. तेव्हा लक्षात घ्या, कॉर्ड तुमच्या कानाला नवी नाहीच. लाउडस्पीकरवर, रेडिओवर, बस-स्थानकावरच्या हॉटेलात तुम्ही हिंदी-मराठी चित्रपटगीते ऐकत मोठे झालात. त्या प्रत्येक गाण्याच्या पाठीशी कॉर्ड वाजत होत्या. ज्या १९७३ साली यवतमाळला संमेलन भरले, त्याच साली ‘यादों की बारात’ चित्रपटात नायिकेच्या हाती गिटार दिसली आणि तरुण पोरांना त्या वाद्याचे वेड लागले. कान शहाणे होऊन बसलेत. शिकायचे आहे ते बोटांनी.

आता कोणी म्हणेल, शिकायचे खरे, पण शिकवणार कोण? यवतमाळ, पुसद, वणी अशा शहरांत शिकवणी मिळेल. झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावरच्या मुलाने काय करावे? हा प्रश्न नवा नाही. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या रागसंगीताचीही हीच स्थिती होती. विद्या घराण्याच्या कुलपात. गुरूच्या घरी पाणी भरावे, वर्षानुवर्षे सेवा करावी, तेव्हा एखादी चीज मिळायची. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पण ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत शाळेत आणले. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या. त्यांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. त्यांच्या एका पुस्तकमालेचे नावच ‘संगीत बालप्रकाश’ होते. मोठ्या उस्तादासाठी नव्हे, नवशिक्यासाठी लिहिलेले. त्यांच्याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांतल्या चिजा गोळा करून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, वरच्या सप्तकाला वर टिंब आणि खालच्याला खाली, ही त्यांची लिपी आजही मुले शाळेत शिकतात.

पुस्तकावरून गाणे येते का, असे तेव्हाही लोकांनी विचारले. उत्तर असे, की पुस्तकावरून मोठा गवई होत नाही. पण पुस्तक नसते तर हजारो मुलांनी दारातून आत पाऊलही टाकले नसते. स्पेनच्या त्या वैद्याने जे केले, तेच आपल्या दोन विष्णूंनी केले. दार उघडले. आत किती जायचे ते ज्याच्या त्याच्या मेहनतीवर.

तर आता आपणही दार उघडू. पेटी जाणणाऱ्याला कळेल अशा भाषेत पहिल्या कॉर्ड सांगतो. गिटार नसेल तर हे पेटीवरच करून पाहा.

आपले पेटीवाले पट्ट्यांना पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन असे म्हणतात. गिटारच्या सहा तारा, सर्वांत जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, अशा लावायच्या: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. म्हणजे घरी पेटी असेल, तर गिटार लावायला दुसरे यंत्र नको. पेटीवर सूर धरा आणि खुंटी पिळत तार त्या सुराला आणा. मात्र सप्तक चुकवू नका, नाही तर तार तुटेल.

आता पेटीवर पांढरी तीन, पांढरी पाच आणि पांढरी सात एकदम दाबा. मधली एकेक पांढरी सोडायची. ही झाली कोमल गंधाराची एक कॉर्ड. इंग्रजीत तिला ई मायनर म्हणतात. पांढरी तीनला सा मानले, तर पांढरी पाच हा कोमल गंधार आणि पांढरी सात हा पंचम. गिटारवर ती आणखी सोपी. बारीक तारेला पहिली मानून मोजा. चौथ्या आणि पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्यात एकेक बोट ठेवा आणि सहाही तारा छेडा. दोन बोटांत सगळी गिटार बोलू लागते. नवशिक्याने पहिला आठवडा एवढेच वाजवावे.

दुसरी आणि तिसरी कॉर्ड जोडीने शिकावी. पेटीवर पांढरी सहा, वरची पांढरी एक आणि वरची पांढरी तीन, ही ए मायनर. पांढरी एक, तीन आणि पाच, ही सी मेजर. दोन्हींत पांढरी एक आणि तीन समान आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. आता गिटारवर पाहा. ए मायनरसाठी पहिले बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यात, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यात आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यात. जाड सहावी तार वाजवायची नाही. यावरून सी मेजरला जाताना पहिली दोन बोटे जागची हलवायचीच नाहीत. फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यात न्यायची. नवशिका इथेच चुकतो. तो सगळी बोटे उचलतो आणि पुन्हा जागा शोधत बसतो. जे दोन स्वर दोन्ही मेळांत आहेत, त्यांची बोटे स्थिर ठेवा. अर्धी विद्या इथेच आली.

बोटे का दुखतात? कारण तार पातळ असते आणि बोटाची कातडी मऊ असते. नांगर धरणाऱ्या हाताला पहिल्या दिवशी फोड येतात आणि मग घट्टा पडतो, तसेच हे आहे. शेतकऱ्याच्या मुलाला हे काय सांगायचे! फक्त जोर बेताचा लावा. बोट पडद्याच्या पट्टीला चिकटून, तिच्या किंचित मागे ठेवले, तर थोड्या दाबाने सूर स्वच्छ निघतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबले, तर दुप्पट जोर लागून वर खरखर येते. डाव्या हाताची नखे कापलेली हवीत. नायलॉनच्या तारांची गिटार मिळाली, तर सुरुवातीला बोटांना सुख. रोज दोन तास एका दमात बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे बसावे.

लयीला आपला केरवा घ्या. आठ मात्रा. पहिल्या चार मात्रा एक कॉर्ड, पुढच्या चार मात्रा दुसरी. शेजारी कोणी खंजिरी किंवा ढोलकी वाजवणारा असेल तर सोन्याहून पिवळे. लय फार धिमी धरा. कॉर्ड बदलताना लय अडखळत असेल तर बोटांचा दोष नाही, लय जास्त झाली असे समजा.

आणखी एक गंमत सांगतो. पांढरी पाचला सा माना. सा-ग-प ही एक कॉर्ड, म-ध-सा ही दुसरी आणि प-नी-रे ही तिसरी. इंग्रजीत त्या जी, सी आणि डी. सी तुम्ही शिकलातच, उरल्या दोन. या तीन कॉर्डमध्ये मिळून किती स्वर आले ते मोजा. सा, रे, ग, म, प, ध, नी, सगळे सात! भातखंडे ज्याला बिलावल थाट म्हणतात तो पूर्ण या तीन मेळांत मावला. म्हणूनच शुद्ध स्वरांतली कितीतरी साधी गाणी या तीन कॉर्डवर निभतात. गाण्यात जो स्वर ठाशीवपणे येतो, तो ज्या मेळात असेल तो मेळ वाजवायचा. हा नियम तुमच्या सरगमच्या अभ्यासातूनच निघतो. ज्याला सरगम येते, त्याला कॉर्डची अर्धी चावी आधीच मिळालेली आहे.

आणि एक इशारा. कॉर्ड सगळीकडे चालत नाही. एखाद्या अभंगाची चाल रागात बांधलेली असेल, तिच्यात दोन्ही गंधार किंवा दोन्ही निषाद येत असतील, गायक एका स्वरावर आंदोलन घेत असेल, तर खाली खणखणीत कॉर्ड वाजवणे म्हणजे नाजूक फुलावर धोंडा ठेवणे. तिथे फक्त सा आणि प छेडावे, तंबोऱ्यासारखे. १९४०च्या आक्षेपांमागे जे सत्य होते ते असे वापरावे. वाद्याला हाकलण्यासाठी नव्हे, वाद्य कुठे थांबवायचे हे कळण्यासाठी. शिवाय गिटारला पेटीहून एक गोष्ट जास्त येते: तार ओढून किंवा तारेवर पट्टी घसरवून मींड काढता येते. ब्रिजभूषण काबरा यांनी याच रीतीने गिटारवर राग वाजवले, आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये फेरफार करून मोहनवीणा घडवली. १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. द्वारकानाथ घोषांनी पेटीचे जे केले, तेच हे. परके वाद्य आपल्या सतरंजीवर बसवून घेतले.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. तुमच्या शाळेत एखादे मूल गिटार घेऊन आले, तर ‘हे आपले नाही’ असे त्याला कृपा करून म्हणू नका. आणि गिटारच्या नादी लागलेले मूल गावच्या पेटीला हसत असेल, तर त्यालाही समजावा. आपल्या जिल्ह्यात परधानांची किंगरी आहे, बंजारा तांड्यावरचा डफडा आहे, भजनाची पेटी आहे. यांतले एकही वाद्य दुसऱ्याचे वैरी नाही. शाळेच्या कपाटात पडलेली पेटी बाहेर काढा, तीन पट्ट्या दाबून दाखवा, आणि त्या तीन पट्ट्यांचीच गिटार होते हे मुलांना त्यांच्याच कानांनी ऐकू द्या. यासाठी संगीतविशारद असण्याची गरज नाही.

त्या राळेगावकडच्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी त्याला म्हटले, “घरी जा आणि बाबांना पेटीवर पांढरी तीन, पाच आणि सात एकदम धरायला सांग. त्याच वेळी तू तुझी दोन बोटांची कॉर्ड छेड.” महिनाभराने तो परत आला. बोटांना घट्टे पडले होते आणि चेहरा उजळला होता. म्हणाला, “सर, बाबांनं पेटी धरली, मी वाजवलं. दोन्हींचा सूर एकच निघाला. बाबा गप बसून ऐकत राह्यले. मंग म्हणाले, हे तं आपलंच हाय ना बाप्पा! आता गुरुवारच्या भजनाले घेऊन ये म्हणते.”

गुरुवारच्या त्या भजनात गिटार कशी वाजली, ते मी ऐकलेले नाही. बहुतेक चुकतमाकतच वाजली असेल. पण बापाच्या पेटीशेजारी लेकाची गिटार सतरंजीवर बसली, यात मला सगळे मिळाले. पेटीही एके काळी अशीच चुकतमाकत आली होती.